तीन हजार फेऱ्यांचा आलेख

वरंधच्या वरच्या वाडीतली दर्शना महाडच्या एका कॉलेजात पीएच.डी. करत होती. नाचणीचा भुसा बंद भट्टीत जाळून त्याचा सच्छिद्र कोळसा करायचा, त्यावर मँगनीज ऑक्साईडच्या, केसाहून कितीतरी बारीक नॅनोसुया वाढवायच्या आणि त्याचे वीज साठवणाऱ्या सुपरकपॅसिटरसाठी इलेक्ट्रोड बनवायचे, हे तिचं काम. असा सुपरकपॅसिटर मिनिटभरात चार्ज होतो आणि तो हजारो वेळा चार्ज व्हायला हवा. तळीयेला दरड कोसळली त्या पावसात तिची वाडी सहा दिवस अंधारात होती. डोंगरातल्या वाड्यांत धोक्याचा भोंगा यावर चालावा, म्हणूनच तिनं हा विषय घेतला होता.

चाचणीच्या मशीनवर चार्ज-डिस्चार्जच्या तीन हजार फेऱ्यांनंतर, त्या इलेक्ट्रोडच्या तिच्या सेलची क्षमता एकसष्ट टक्क्यांवर आली. मार्गदर्शक सरांनी आलेख पाहिला.

“पहिल्या हजारच दाखव. तिथं शहाण्णव टक्के आहेत. पुढं मशीन बिघडलं, असं लिही.”

“मशीन बिघडलं नव्हतं, सर.”

“सगळे असंच करतात, दर्शना. पेपर अडलाय.”

“मग त्यात माझे आकडे नकोत.”

दुसऱ्या दिवशी मशीनच्या वेळापत्रकातून तिचं नाव गेलं होतं.

ती घरी आली. आई, तुळसा, म्हशीला वैरण टाकत होती. सगळं ऐकून म्हणाली, “मोठा मानूस हाय त्यो. तुझं शिक्षान थांबवील गो.”

“थांबवू दे.”

तुळसानं उरलेली वैरण म्हशीपुढं सारली. मग म्हणाली, “भोंगा वाजला नाय, तर लोक त्या सायबाकडं नाय जायची. तुलाच विचारतील.”

दर्शना सोमवारी परत गेली. मशीन वापरता येणार नव्हतं, पण मेलेला सेल तिच्याकडेच होता. तिनं तो उघडला. आतलं पाण्यासारखं द्रावण तपकिरी झालं होतं. सुया कोळशावरून सुटून विरघळत होत्या.

प्रगती अहवालाच्या दिवशी बाहेरच्या परीक्षक, डॉ. माधुरी शिर्के, आल्या होत्या. दर्शनानं पडद्यावर पूर्ण आलेख लावला, खाली घसरलेल्या रेषेसकट. सर पुढच्याच रांगेत होते.

“हा आलेख मी मंजूर केलेला नाही,” ते म्हणाले.

“नाही केला. पण मोजलेला एवढाच आहे,” दर्शना म्हणाली आणि तिनं तपकिरी द्रावणाची बाटली टेबलावर ठेवली.

शिर्केबाईंनी बाटली उजेडात धरली. मग त्या तासभर प्रश्न विचारत राहिल्या.

आठवड्याभरात सरांनी मार्गदर्शन सोडल्याचं पत्र दिलं. दर्शनानं शिर्केबाईंना फोन केला.

“मी घेईन तुला,” त्या म्हणाल्या, “पण पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. दीड वर्ष वाया जाईल.”

“वाया नाही जाणार, मॅडम. सुया का सुटतात ते आता मला माहीत आहे.”

तिनं प्रयोगवह्या पिशवीत भरल्या, सरांच्या टेबलावर प्रयोगशाळेची किल्ली ठेवली आणि त्यांच्या पेपरमध्ये आपलं नाव आणि आकडे न घालण्याबद्दलच्या पत्रावर त्यांची सही घेतली.