बिनदाराच्या शाळेचा फळा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. भिंतीला टेकून गप्प उभा असतो, म्हणून लोकांना मी मोठा शांत वाटतो. खरे सांगू? माझे निम्मे आयुष्य भीतीतच गेले.

बारामतीच्या म्हस्कू सुताराने मला घडवले. आंब्याच्या चार फळ्या शेजारी शेजारी ठेवून त्याने मागून दोन पट्ट्या ठोकल्या, रंधा मारला, कोळशाची पूड डिंकात कालवून मला काळेभोर केले. तेव्हा कालव्याच्या पाण्यावर मैलोन् मैल ऊस उभा राहिला होता. गुळाच्या ढेपा वाहायला, खडी फोडायला कोरडवाहू मुलखातून माणसे बारामतीत येत. स्टेशनापलीकडच्या माळावर त्यांनी उसाच्या पाचटाच्या झोपड्या घातल्या होत्या. रूळ ओलांडून तिकडे गावातले कोणी सहसा जात नसे.

प्रयागबाई मात्र रोज जात. त्या विधवा होत्या, मुलींच्या शाळेत शिकवत. सकाळची शाळा सुटली की खडूची डबी घेऊन त्या वस्तीवर येत. तिथे एक रिकामी झोपडी त्यांनी मागून घेतली होती. भिंती कुडाच्या, शेणाने लिंपलेल्या. दार नव्हतेच, तिथे एक गोणपाट लोंबायचे. आत भिंतीला त्यांनी मला टेकवले. तीच आमची शाळा.

पहिले काही दिवस कोणीच येईना. मग एक दिवस नकोशी नावाची मुलगी कडेवर भाऊ घेऊन दारात उभी राहिली. तिच्या मागोमाग तिचा बाप बिरू आला. तो खडी फोडायचा, आवाजही तसाच दणदणीत.

"बाई, ही हितं बसल्यावर पोराला कोण बघंल?"

"त्यालाही बसू द्या की," बाई म्हणाल्या. "तो काय नको म्हणतोय?"

बिरू खडीवर निघून गेला. नकोशी भावाला मांडीवर घेऊन बसली. तिच्यापाठोपाठ हळूहळू सगळा माळच शिकायला येऊ लागला. एवढी पोरे माझ्याकडे टक लावून बघत, तेव्हा मला माझ्या काळ्या रंगाचा अभिमान वाटे.

पण त्या उन्हाळ्यात वस्तीवर एक बातमी आली. पणदऱ्याकडच्या उसात एक लांडगा पिसाळला होता. त्याने दोन मेंढ्या फाडल्या आणि राखणीच्या माणसाला चावला. त्या दिवसापासून बाया पाण्याला एकट्या जाईनात. वाऱ्याने गोणपाट हलले तरी पोरे दचकत, आणि त्यांच्याबरोबर मीही.

ती दुपार मी विसरणार नाही. मोठी माणसे कामावर होती. बाई माझ्यावर 'घर' लिहीत होत्या. बाहेर एक कुत्रे केकाटले आणि एकदम गप्प झाले. गोणपाटाखाली मला चार पाय दिसले. ते सरळ पडत नव्हते, लडखडत होते.

"बाई, लांडगा!" कोणीतरी किंचाळले.

बाईंनी मला दोन्ही हातांनी उचलले आणि धावत जाऊन दाराच्या तोंडाशी आडवे लावले. क्षणात माझ्या पाठीवर धडक बसली. मित्रांनो, मी आंब्याचे लाकूड. सागवानासारखा टणक नाही. माझे खिळे करकरले. नखे पाठीवरून खाली ओढली गेली, आणि मला वाटले, आता मी फुटणार आणि ही सगळी पोरे माझ्यामुळे जाणार.

"मागं सरा! भिंतीला चिकटा!" बाई ओरडल्या. त्यांनी पाय रोवून मला दाबून धरले.

नकोशीने भावाला दुसऱ्या मुलीच्या हातात दिले, पुढे आली आणि खांदा लावून मला रेटू लागली. पुन्हा धडक बसली. माझ्या दोन फळ्यांमध्ये फट पडली. फटीतून फेसाने भरलेला जबडा आत घुसला आणि बाईंच्या बोटाला दात लागला. बाई कळवळल्या, पण त्यांनी मला सोडले नाही.

पोरांचा आरडाओरडा ऐकून खडीवरची माणसे धावली. सगळ्यांत पुढे बिरू होता. त्याचा घण खाली आल्याचा आवाज मी ऐकला, आणि मग लांडग्याचे काहीच ऐकू आले नाही.

बाईंचे बोट लगेच पाण्याने धुतले. त्याच दिवशीच्या गाडीने त्यांना पुण्याच्या इस्पितळात नेले. तिथे पोटात सुया टोचतात, असे लोक सांगत. मी झोपडीत एकटा उभा होतो. 'घर' अर्धे पुसले होते. शाळेत कोणी फिरकेना.

बाई बऱ्याच दिवसांनी परत आल्या. खूप वाळल्या होत्या. पण त्यांना पाहताच आयांनी पोरे आत ओढली. बिरू झोपडीच्या दारासमोरच आडवा उभा राहिला.

"बाई, तुमचं उपकार फेडाया हा जन्म पुरायचा न्हाय. पर पोरं धाडायची कशी? पणदऱ्याचा त्यो माणूस महिन्यानं पिसाळला. पानी बघितलं तरी वरडायचा. तुमास्नी तसं झालं तर?"

बाईंचा चेहरा पांढरा पडला होता. ती भीती त्यांच्याही मनात होती, हे मला दिसले.

"माझ्या हातात जेवढं होतं, तेवढं मी केलंय, बिरू," त्या म्हणाल्या. "सगळ्या सुया घेतल्या. पुढचं मलाही ठाऊक नाही." मग त्यांनी हाक मारली, "नकोशी, मला पाणी दे गं. उन्हातून आलेय."

नकोशीने बापाकडे पाहिले. मग तांब्या भरून आणला. सगळी वस्ती श्वास रोखून बघत होती. बाईंनी तांब्या दोन्ही हातांत धरला. तो तोंडाशी नेताना थोडे पाणी सांडले. एक घोट घेतला. दुसरा घेतला. मग तांब्या रिकामा होईपर्यंत त्या पीत राहिल्या.

नकोशी भावाला घेऊन आत आली आणि माझ्यासमोर बसली. बिरूने तिला अडवले नाही. थोड्या वेळाने आणखी पोरे आली.

पुढे कित्येक महिने बाईंनी पाणी मागितले की वर्ग गप्प व्हायचा. बाईंना ते कळायचे. त्या मुद्दाम पोरांकडे बघत सावकाश प्यायच्या. त्या वाचल्या, मित्रांनो. पाऊसकाळ गेला, हिवाळा गेला, आणि एके दिवशी त्या पाणी पिताना पोरे आपापसांत गलका करत होती. तेव्हा मला कळले, भीती गेली.

आता माझ्या फळ्या निसटल्या आहेत, रंग उडाला आहे. मला टाकून दिलेत तरी माझी तक्रार नाही. पण तुमच्या गावातही रुळापलीकडे एखादी वस्ती असेल. तिथल्या शाळेला दार आहे का, एवढे एकदा जाऊन बघा.