जाळी तुटली त्या दुपारी

मित्रांनो, गाण्याच्या यंत्रामागे धुळीत जी हातभर काळी वायर लोंबते ना, तीच मी. आता जुनी झाले आहे, आणि माझे दोन तुकडे झाले आहेत.

माझ्या पोटात तांब्याची एक नाजूक तार होती आणि तिच्याभोवती तांब्याचीच विणलेली जाळी. तार गाणं वाहून नेई. बाहेरच्या विजेची घरघर गाण्यात शिरू नये म्हणून जाळी पहारा करी. माझा रोजचा एकच नेम होता. टेपमधून जे आलं, ते अँप्लिफायरला जसंच्या तसं पोचवायचं. बाबा पाहुण्यांना सांगत, "काय स्वच्छ आवाज आहे बघा!" तेव्हा मी फुलून जाई.

मग एका दुपारी थोरल्या लेकीच्या, ताईच्या हातून बाबांची आवडती कॅसेट पडून फुटली. बाबांनी मला यंत्रामागून हिसकून काढलं आणि तिच्या अंगावर ओढलं. एकदा नाही, सात वेळा. माझ्या टोकाची लाल पिन तिच्या गालात घुसली. सोडवायला आलेल्या आईला त्यांनी ढकलून दिलं. सातव्या तडाख्याला पिनेजवळ माझी जाळी तटकन तुटली. बाबांनी मला पँटला पुसलं आणि परत जागेवर खोचलं.

तेव्हापासून प्रत्येक गाण्याखाली घूंऽऽ, घूंऽऽ.

बाबांनी स्पीकर बडवले, प्लग उपटले. शेवटी ते ताईवर घसरले. "तूच काहीतरी उद्योग केलायस. उद्या मेकॅनिक येतोय. तुझं नाव निघू दे, सोलून काढतो!"

मेकॅनिककाकांना घाई नव्हती. त्यांनी मला विजेच्या वायरीपासून दूर सारलं. घरघर थोडी कमी झाली, पण गेली नाही. मला काढून दुसरी वायर लावली, तर गाणं एकदम स्वच्छ.

"यंत्र ठणठणीत आहे साहेब, ही बया आजारी आहे." त्यांनी माझी पिन उघडली. आत तुटलेली जाळी होती, आणि खाचेत वाळलेलं रक्त. काकांचा हात थांबला. "ही ओढून तुटलेली नाही, आपटून तुटलीये. कशावर आपटलीत?"

ताईने केस गालावर ओढले. आई फरशीकडे बघत राहिली. बाबा हसले, "वायरच ती! लागली असेल भिंतीला."

"ताईला," धाकटी म्हणाली. सहा वर्षांची पोर. "सात वेळा. मी मोजलं."

बाबांनी मला उचलून तिच्यावर उगारलं. पण माझं दुसरं टोक आईच्या मुठीत होतं.

"सोड! नाहीतर तुलाही फोडीन."

"फोडा," आई अगदी हळू म्हणाली. "आज बघायला माणूस बसलाय."

बाबांनी जोरात हिसका दिला. मी मधोमध तुटले. बाबा तोल जाऊन काचेच्या कपाटावर कोसळले. काचा पडतच होत्या, तेवढ्यात आई दोघींना घेऊन काकांमागून जिना उतरली.

आता आईच्या मुठीत राहिलेला माझा लाल पिनेचा तुकडा पोलीस चौकीच्या टेबलावर आहे. आई सांगते आहे, पोलीसबाई लिहून घेत आहेत.

मित्रांनो, घरघर ऐकू आली तर यंत्राला मारू नका. एकेक वायर बदलून शांतपणे ऐका. आम्हाला पिन धरून काढा, ओढू नका. आणि कुणाच्या अंगावर वायर उगारलेली दिसली, तर सांगा. ओरडायला नको, धाकटी बोलली तेवढा आवाज पुरतो. त्या दुपारी माझा नेम मोडला. तिने तो पाळला, घडलं ते जसंच्या तसं सांगून.