नऊ पायऱ्या

मिस्त्री नवव्या पायरीवर गुडघे टेकून शेवटचा खिळा ठोकत होता. खालून वहिनींनी हाक मारली.

"भावोजी, मी चढून बघू का?"

"बघा. कठड्याला धरू नका, रंग ओला आहे."

रंगमंचावर दोघांशिवाय कोणी नव्हते. वहिनींनी साडी चिमटीत धरली आणि चढू लागल्या. पाचव्या पायरीला त्यांचा हात गुडघ्यावर गेला. सातव्या पायरीला त्या थांबल्या.

"किती इंच?"

"आठ. नेहमी सहाची करतो."

"पुरेल एवढं?"

मिस्त्रीने दातांत धरलेला जादा खिळा काढून खिशात टाकला.

"पुरेल," तो म्हणाला आणि त्याला स्वतःचीच शिसारी आली.

डॉक्टरांनी दादाला, म्हणजे मिस्त्रीच्या थोरल्या भावाला, जिना चढायला बंदी केली होती. हृदय थकले होते. आणि नाटकातल्या म्हाताऱ्याला तर दुसऱ्या अंकाच्या शेवटी सहा फूट उंच गच्चीवर जाऊन बोलायचे होते. सात वर्षे घरी बसल्यावर दादाला मिळालेली ही पहिली भूमिका. "दिग्दर्शिकेच्या कानावर घातलंत तर पुन्हा या घरात पाऊल ठेवणार नाही," त्याने बायकोला आणि भावाला बजावले होते. तो बोलला की करणारा माणूस.

मग नवराबायको दोघेही, एकमेकांच्या नकळत, मिस्त्रीकडे आले. दादा म्हणाला, "बारक्या, बारा पायऱ्या फार होतात रे. दोन-तीन उडव." वहिनी म्हणाल्या, "असा जिना करा की तालमीत हे अर्ध्यातच बसतील आणि आपणहून नको म्हणतील."

मिस्त्री दोन दिवस आराखड्यापुढे डोके धरून बसला. गच्चीची उंची सहा फूट, ती काही हलत नाही. पायऱ्या कमी केल्या की उरलेली प्रत्येक पायरी उंच होणार. सुतारकामाच्या पहिल्या महिन्यात कळणारी ही गोष्ट, पण नटाच्या गावी नसते. एकाच जिन्यात दोघांचेही ऐकता येत होते. दिग्दर्शिकेने तर आनंदाने मान हलवली. तिची तीन फूट जागा वाचत होती.

त्या दुपारी दादा तालमीला आला तो जिन्यापुढेच उभा राहिला. बोटाने पायऱ्या मोजल्या.

"नऊ? बारक्या, नऊ केल्यास? वा! मला वर पोचवायची झकास सोय केलीस!"

विंगेतले सगळे हसले. मिस्त्रीला हसता आले नाही.

दादा चढला. पाचव्या पायरीपर्यंत आवाज खणखणीत होता. सहावीला शब्द तुटू लागले. सातव्या पायरीवर तो उभा राहिला, तोंड उघडे. पहिल्या रांगेत वहिनींनी पर्सचा पट्टा मनगटाला आवळून गुंडाळला. बस, मिस्त्री मनात म्हणाला. आता बस रे बाबा.

"दादा, हे थांबणं फार छान आहे," दिग्दर्शिका खालून ओरडली. "असंच ठेवा!"

दादा कौतुकाने सुखावला. उरलेल्या दोन पायऱ्या चढला आणि वर जाऊन असा बोलला, की पडदा ओढणाराही दोर हातात धरून ऐकत राहिला.

पुढचे तीन दिवस तो रोज दोनदा चढला.

पहिल्या प्रयोगाच्या दिवशी वहिनी रंगमंचामागे आल्या.

"भावोजी, हे सोडत नाहीत. आता बारा करा. सहाच्या."

"आता नाही करता येत."

"लाकूड नाही का?"

"लाकूड आहे, हात आहेत. पण त्या वेळी तिथे अंधार असतो, उजेड फक्त तोंडावर. दादा खाली बघत नाही वहिनी, त्याचा पाय आठ इंचांना सरावलाय. उंच पायरीवर तो दमतो. आता बदलली तर तोंडावर पडेल."

"मग त्यांना खरं सांगा."

"तुम्ही सांगता?"

वहिनींनी खाली वाकून रंध्याने तासलेली लाकडाची एक साल उचलली. ती बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. मग प्रेक्षागृहाकडे गेल्या.

पहिल्या घंटेला दादा रंग लावून आला. पांढऱ्या मिशीत तो त्यांच्या वडिलांसारखा दिसत होता. त्याने मिस्त्रीच्या खांद्यावर हात टाकला. हात जड लागला.

"तुझ्यामुळे जमलं बघ. बारा असत्या तर मेलोच असतो."

दुसरा अंक सुरू झाल्यावर मिस्त्री रांगत जिन्याखाली शिरला. आत जेमतेम बसण्यापुरती जागा होती. फळ्यांच्या बोटभर फटीतून निळसर उजेड येत होता. त्यातून दादाच्या चपलांचे तळ दिसले. एक. दोन. तीन. प्रत्येक पावलागणिक डोक्यावरची फळी कुरकुरत होती. पाच. सहा.

सातवर पाऊल थांबले.

तालमीत चार मोजेपर्यंत ते पुन्हा उचलले जाई. मिस्त्रीने चार मोजले. सहा मोजले. बाहेर प्रेक्षक श्वास रोखून गप्प होते. त्यांना ते आवडत होते. आठ. चपलेची टाच हळूच थरथरली.

मिस्त्रीने दोन्ही तळहात सातव्या पायरीच्या फळीला खालून टेकवले आणि होते नव्हते तेवढे बळ लावून तो वर रेटू लागला.