फॅक्सवरची सही

दूरच्या शहरातल्या रुग्णालयात ताई वारल्याचं घड्याळजीला सकाळी दुकानातच फोनवर कळलं. तिचा देह ताब्यात हवा असेल तर भावाच्या सहीचं पत्र आधी फॅक्सनं पाठवा, असं तिथला कारकून म्हणाला. आता फॅक्सचं मशीन आणायचं कुठून?

शेजारच्या टायपिंगवाल्या मावशी म्हणाल्या, "मशीन कशाला? तुम्ही सही करा, मी मोबाइलवर फोटो काढते. एका वेबसाइटवरून दोन-तीन पानं फुकट जातात. त्यांचा फॅक्स नंबर आणि आपला ईमेल टाकला की झालं."

पत्रात 'नातं' या शब्दापुढे त्यानं 'धाकटा भाऊ' असं लिहिलं. बहीणभावात अकरा वर्षं अबोला होता.

पाऊण तासानं कारकुनाचा फोन आला. "फॅक्स मिळाला. सहीसुद्धा जुळली."

"कशाशी जुळली?"

"बाईंच्या पर्समध्ये तुमचं एक जुनं पत्र होतं ना, त्याच्याशी."

त्यानं ताईला उभ्या आयुष्यात एकच पत्र लिहिलं होतं. 'आजपासून तू माझी कोणी नाहीस,' एवढंच.

मावशींसमोरच तो ओक्साबोक्शी रडला. मग दुकानाला कुलूप लावून ताईला आणायला निघाला.