दोन बोटांची फट

मी एक जुना ओळंबा आहे. मित्रांनो, तुम्ही मला पाहिलं असेल, पण नाव ठाऊक नसेल. भिंत सरळ आहे की नाही हे बघायला गवंडी दोरीला बांधलेलं वजन सोडतात ना, तो मी. पितळेचा, खाली निमुळता. दोरीच्या वरच्या बाजूला एक लाकडी ठोकळा असतो. तो भिंतीला टेकवला की मी खाली लोंबतो. भिंत सरळ असेल तर तिला अलगद टेकतो. भिंत पुढे कलली असेल तर माझ्यात आणि तिच्यात फट पडते. यात हुशारी काही नाही. मला खोटं लोंबताच येत नाही.

एका कारखान्यात मला लेथवर कातून घडवलं आणि एका गवंड्याने विकत घेतलं. त्याला एक मुलगा आणि एक धाकटी मुलगी. दोघांनाही त्याने माझी दोरी धरायला शिकवलं. तो गेल्यावर मी मुलाच्या थैलीत आलो. सगळे त्याला दादा म्हणायचे. बहीणही त्याच्याच टोळीत काम करायची. दादा मला रोज पुसायचा आणि ऐटीत म्हणायचा, "हा खिशात असला की मी कोणाच्या बापाला घाबरत नाही!" ते ऐकून माझी छाती फुगायची. मी त्याच्यावर आंधळा विश्वास टाकला.

मग पाळणाघराचं काम निघालं. दादा तापाने अंथरुणात असताना मुकादमाने घाईघाईत मागची भिंत उभी करून घेतली. दादा कामावर परतला, त्याने ठोकळा टेकवला आणि मी खाली आलो. फट पडली. दोन बोटं सहज मावतील एवढी!

दादा काही बोलणार, तोच मुकादम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "भिंत एकदम सरळ आहे. काय रे लंब्या?"

टोळीतला लंब्या वाकला. त्याने फट पाहिली, मग मुकादमाकडे पाहिलं. "सरळच दिसते."

"सरळ आहे की," प्लंबर म्हणाला.

सुताराने तर खाली वाकायचेही कष्ट घेतले नाहीत. आधी त्याने प्लंबरचं तोंड पाहिलं, मग मान डोलावली. माझ्याकडे कोणी बघतच नव्हतं. जो तो शेजाऱ्याच्या चेहऱ्यावर उत्तर शोधत होता.

"मला कलती दिसते," बहीण म्हणाली. "उद्या इथे तान्ही पोरं झोपणार आहेत. दादा, तूच सांग ना."

"बाईसाहेबांना चष्मा आणा रे!" मुकादम म्हणाला. सगळे खो खो हसले.

दादाही हसला. थोडंसंच, पण हसला. मग माझी दोरी गुंडाळत म्हणाला, "सरळ आहे."

मित्रांनो, फट त्याला दिसली होती. पण सगळ्यांच्या विरोधात एकटं पडायचं, या विचारानेच तो गारठला. त्याच संध्याकाळी मुकादमाने बहिणीला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. दादा फावडं धूत राहिला. ते केव्हाच स्वच्छ झालं होतं.

पुढे चौकट बसवायची वेळ आली. ती काही केल्या बसेना. भिंतीला तडा गेला आणि पाळणाघराचा मालक तणतणत आला. "माप कोणी घेतलं?"

"ओळंबा जुना आहे, साहेब," मुकादम म्हणाला. लंब्याने, प्लंबरने, सुताराने री ओढली. आणि नवल म्हणजे, त्यांना आता खोटं बोलावं लागत नव्हतं. मीच भिंत सरळ दाखवली होती असं एकमेकांना सांगून सांगून त्यांना ते खरंच वाटायला लागलं होतं.

"हो, खराब झालाय तो," दादा म्हणाला आणि त्याने मला भंगाराच्या बादलीत टाकलं. पितळ आपटलं, त्याचा आवाज झाला. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

भिंत पाडून नवी बांधली, तेवढं बरं झालं. बहिणीला दुसरीकडे काम मिळालं. भंगाराची बादली दादाने विकायला म्हणून घरी नेली होती. एका दुपारी बहीण त्याच्या घरी आली आणि तिने बादलीतून मला उचललं.

"खराब आहे तो," दादा म्हणाला.

"इथे आपण दोघंच आहोत, दादा. एकदा म्हण, भिंत कलली होती."

दादाने उघड्या दाराकडे पाहिलं, जणू तिथे सगळी टोळी उभी होती. "सगळे म्हणत होते ना सरळ आहे म्हणून," तो पुटपुटला.

ती मला घेऊन निघाली. निरोप घ्यायलाही थांबली नाही.

आता मी तिच्याकडे असतो. ती मला पुसते, पण माझं मन काही निवलेलं नाही. ज्याने मला बादलीत टाकलं, त्याला माझं खरेपण सगळ्यांत जास्त माहीत होतं. मित्रांनो, मला चकचकीत ठेवा असं मी म्हणत नाही. एखादा माणूस एकटाच म्हणाला की मला वेगळं दिसतंय, तर हसण्याआधी स्वतः वाकून बघा. आणि तुम्हालाही तेच दिसलं, तर त्याच्या शेजारी जाऊन उभे राहा. बहिणीला त्या दिवशी सगळी टोळी नको होती. एकच माणूस हवा होता.