पंख्याचं बटण

धानोऱ्याजवळ पुण्याच्या आपट्यांची कॅम्पर व्हॅन तापून थांबली. इंजिनाचा पंखा फिरतच नव्हता. गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या तहसीनबाईंनी तो थेट बॅटरीला जोडला, तसा गरगरला.

"पंखा चांगला हाये, तो चालू करनारा सेन्सर मेला. हातानं चालवाचं बटण लावा लागन."

"परदेशी गाडीला असलं गावठी बटण?" आपट्यांनी नाक मुरडलं. "गाडीचं गाडीला कळतं."

"मंग तापली काऊन?" तहसीनबाईंनी त्यांच्याकडे बघितलंही नाही.

"तुम्ही लावा," आपट्यांची बायको रेवती म्हणाली.

भामरागडच्या वाटेवर इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल खुणेकडे सरकला. आपट्यांनी स्टिअरिंगशेजारच्या बटणाकडे बघून मान फिरवली. शेवटी रेवतीनेच हात लांबवून ते दाबलं. पंखा घोंगावला, काटा उतरला.