आवतन घेतलेली गाडी

मी एक जुनी गाडी आहे आणि मी रागावलेली आहे. मित्रांनो, आपली कहाणी सांगताना सुरुवात गोड बोलून करावी, हे मला कळतं. पण जिच्या मलईच्या रंगावर कुणी कढत पाणी ओतलं, त्यावर तूप चोपडलं आणि दुसऱ्या दिवशी तिथंच पुरणपोळी वाढली, तिच्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा तुम्ही करू नये.

तुम्ही जिला स्पोर्ट्स कार म्हणता, ती मी. मला दारं दोनच आणि बसायला जागाही दोघांपुरतीच. वर कापडी टप आहे, तो मागं दुमडता येतो. माझा जन्म परदेशातला. निजामाचं राज्य संपवणारी पोलीस ॲक्शन होऊन आठ-दहा वर्षं झाल्यावर एका हौशी डॉक्टरांनी मला बोटीनं आणवलं आणि मी या गावात आले. तेव्हा गावाला औरंगाबाद म्हणत, आता छत्रपती संभाजीनगर म्हणतात. डॉक्टर छावणीत राहत. संध्याकाळी टप उघडून ते मला फिरायला काढत, तेव्हा टांग्याची घोडीसुद्धा बिचकून बाजूला होत. फार रुबाबाचे दिवस होते ते. पुढं डॉक्टर कायमचे हैदराबादला गेले आणि मला बंगल्यामागच्या चिंचेखाली सोडून गेले. माझ्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. डॉक्टरांवरचा माझा तो राग अजून गेलेला नाही.

त्या चिंचेखालून मला सोडवलं नानासाहेबांनी. ते मूळचे फुलंब्रीचे, शेतकरी घरातले. इथं पाटबंधारे खात्यात नोकरी लागली होती आणि क्रांती चौकाच्या मागच्या बाजूला त्यांनी लहानसं घर बांधलं होतं. कॉलेजात असताना मला पळताना पाहिलं तेव्हापासून मी त्यांच्या डोक्यात बसले होते. मी मोडीत निघणार असं कळताच ते डॉक्टरांची परवानगी घेऊन आले. पण मी चालू होईना. त्या दिवशी त्यांचे थोरले भाऊ बन्सी कापसाची बैलगाडी घेऊन मोंढ्यात, म्हणजे बाजारात, आले होते. त्यांनी बैलगाडी रिकामी केली, बैल सोडले आणि मला जुंपले. होय, बैल! वाऱ्याशी शर्यत लावायला जन्मलेली मी, गळ्यात कासरा घालून भर बाजारातून बैलांमागं निघाले. लोक टाळ्या वाजवत होते. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटत होतं.

दारात नानासाहेबांच्या पत्नी लक्ष्मीबाई उभ्या होत्या. लग्न नवंनवं होतं. त्यांनी बैलांच्या पायांवर पाणी घातलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, आणि मग तांब्यात उरलेलं पाणी माझ्या चारी चाकांवर घातलं. बैलामागं आलं ते दावणीचंच, असा त्यांचा सरळ हिशोब. मी तेव्हाच नाक मुरडलं. पण ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

नानासाहेबांनी मला कशी चालू केली ते सांगत बसत नाही. त्यांनी मला कशी धुतली ते मात्र सांगते, कारण ते हल्ली कुणालाच येत नाही. दर रविवारी सकाळी, माझ्यावर ऊन यायच्या आत, ते दोन बादल्या भरत. एक साबणाच्या पाण्याची, दुसरी साध्या पाण्याची. आधी नुसतं पाणी वरून सोडत, म्हणजे धूळ आपोआप वाहून जाई. कोरड्या फडक्यानं धूळ पुसणारा माणूस गाडी पुसत नसतो, तो तिला वाळूनं घासत असतो. मग टपापासून खाली, अंगाला साबण लावत. कपड्याची पावडर कधीच वापरत नसत, तिनं मेण निघून जातं. चाकांचं फडकं वेगळं, ते अंगाला लागता कामा नये. अंगासाठी त्यांच्या वडिलांच्या जुन्या धोतराचं फडकं होतं, धुवून धुवून लोण्यासारखं झालेलं.

आणि मग मेण. गोल डबीतलं पिवळं मेण बोटावर एवढंसंच घेऊन ते पातळ लावत. ते वाळून धुरकट दिसेपर्यंत थांबत, आणि दुसऱ्या फडक्यानं हलक्या हातानं उजळत. शेवटी चार थेंब पाणी शिंपडायचं. पाण्याचे टपोरे मणी उभे राहिले की नानासाहेब स्वतःशीच मान डोलवत. त्या वेळी त्यांच्याशी बोललेलं त्यांना ऐकू येत नसे.

लक्ष्मीबाईंच्या डोळ्यांत हे सगळं खुपायचं. माझी सवत, म्हणायच्या. घरातलं पितळ कधी एवढं घासलं नाही, म्हणायच्या. त्यांचा मुलगा बद्रीनाथ हळूहळू मोठा झाला, पण त्याला फडकं धरायला नानासाहेबांनी कधी दिलं नाही. तो जोर करतो, ओरखडे पडतील, असं ते म्हणत. बद्रीनाथ पायरीवर बसून पाहायचा. पुढं पुढं त्यानं पाहणंही सोडलं.

मग एका सकाळी नानासाहेब बादली उचलायला वाकले आणि उजव्या अंगावर कोसळले. अर्धांगवायू. जीव वाचला, पण उजवा हात गेला आणि जीभ जड झाली. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले की डावं अंग चांगलं आहे, उठवत जा, चालवत जा. नानासाहेब उठेनात. ओसरीवरच्या खुर्चीत ते माझ्याकडं पाठ करून, भिंतीकडं तोंड करून बसू लागले. ते का, हे मला कळत होतं. तरीही राग आलाच. पाहायला डोळे तर धड होते ना?

माझ्यावर धूळ साचत गेली. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी बोटानं आपली नावं लिहिली. बद्रीनाथचे मित्र बॉनेटवर बसून फोटो काढत, त्यांच्या पँटच्या बटणांचे चरे अजून माझ्या अंगावर आहेत. एकदा मला कुठल्याशा धुलाईवाल्याकडं नेलं, तिथं पाण्याचा असा फवारा मारला की टपाची शिवणच उसवली. याला धुणं म्हणतात का, मित्रांनो?

बद्रीनाथनं जालना रोडला, करमाडच्या अलीकडं, हॉटेल टाकलं होतं. हॉटेलसमोर त्यानं सिमेंटचा चौथरा बांधला आणि त्यावर मला ठेवायचं ठरवलं. चाकं काढायची, खाली लोखंडी नळ्या घालून मला चौथऱ्यात पक्की करायची, आणि भडक लाल ऑइलपेंट द्यायचा. म्हणजे गिऱ्हाईक थांबेल आणि फोटो काढेल. तो दुष्ट नव्हता. इथं सडण्यापेक्षा तिथं चार लोक बघतील, असं त्याला मनापासून वाटत होतं. त्यानं वडिलांना विचारलंही. नानासाहेबांनी तोंड आणखीच भिंतीकडं वळवलं, आणि बद्रीनाथनं तो होकार धरला. ट्रक यायचा दिवस ठरला. तो दिवस पोळ्याचा आहे, हे हॉटेलच्या धांदलीत त्याच्या लक्षातच राहिलं नाही.

ज्यांना पोळा फक्त मातीच्या बैलांपुरता माहीत आहे त्यांच्यासाठी सांगते. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे कढत पाण्यानं शेकतात, हळद आणि तुपानं मळतात, आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतन, म्हणजे आमंत्रण देतात. ही खांदेमळणी. फुलंब्रीला बन्सीकाकांच्या दावणीला आता बैल उरले नव्हते, ट्रॅक्टर आला होता. लक्ष्मीबाई बिचाऱ्या कित्येक वर्षं देवघरातल्या मातीच्या जोडीलाच हळदीचं बोट लावत होत्या.

ट्रक यायच्या आदल्या दिवशी ऊन उतरताना त्या बादली घेऊन माझ्याकडं आल्या. मला वाटलं, निदान जाण्याआधी कुणीतरी अंघोळ घालतंय. पण पाण्यातून वाफ निघत होती! आणि त्यात कपड्याची पावडर! नानासाहेबांनी वर्षानुवर्षं बसवलेलं, उरलंसुरलं मेण त्या एका बादलीत वाहून गेलं. मग त्यांनी वाटी आणली. हळद कालवलेलं तूप. ते त्यांनी माझ्या दोन्ही पुढच्या मडगार्डांवर ओतलं आणि चांगलं दाबून, दोन्ही तळव्यांनी मळायला लागल्या. माझ्या तळापासून वरपर्यंत आग आग झाली. मी काय बैल आहे? मला काय खांदे आहेत?

त्या वाकल्या आणि माझ्या दिव्याजवळ तोंड नेऊन हळू म्हणाल्या, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

ओसरीवर खुर्ची करकरली. नानासाहेबांनी मान वळवली होती. कितीतरी महिन्यांनी त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि पाहिलं ते काय, तर तुपानं माखलेली मी. त्यांच्या घशातून एक मोठा, बिनशब्दांचा आवाज निघाला. त्यात माझाच राग होता.

"ओरडू नका," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "तुमी केलं नाय, म्हनून मी केलं. मला येतं तसंच मी करनार."

दुसऱ्या दिवशी बद्रीनाथ ट्रक आणि साखळदंड घेऊन हजर झाला. माझा पिवळाधमक अवतार बघून आधी तो हसला. लक्ष्मीबाई माझ्या आणि ट्रकच्या मधोमध उभ्या राहिल्या.

"तिला आवतन दिलंय," त्या म्हणाल्या. "आवतन दिलेलं जनावर पोळ्याच्या दिवशी दावणीतून काढत नसत्यात."

"आई, ती गाडी हाय. बैल नाय."

"माझ्या दारात ती बैलामागंच आली. पायावर पानी घालून मी तिला घरात घेतलीय. तुज्या आधी आलीय ती."

बद्रीनाथनं कपाळाला हात लावला. बरं, म्हणाला, जेवू घाल तुझ्या बैलाला आणि संध्याकाळी मला नेऊ दे. लक्ष्मीबाईंनी मान हलवली. ती होकाराची की नकाराची, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आणि मग, मित्रांनो, त्यांनी माझ्या बॉनेटवर केळीचं पान मांडलं. त्यावर पुरणपोळी आणि पोळीवर तुपाची धार. ती पानावरून ओघळून बॉनेटच्या फटीत शिरली. माशा आल्या. मुंग्यांची रांग लागली. चार माणसं जमून हसायला लागली. बैलांमागं जुंपून आणली होती तेव्हासुद्धा एवढी शोभा झाली नव्हती.

माझ्याइतकाच दुसरा एक जीव ते बघून तडफडत होता. नानासाहेबांनी डावा हात खांबाला लावला. खांब धरून ते उठले. बद्रीनाथ धावला, पण त्यांनी त्याला कोपरानं ढकललं. भिंत धरत, एक पाय ओढत ते माझ्यापर्यंत आले आणि पान उचलून त्यांनी लक्ष्मीबाईंच्या हातात दिलं. मग डावा हात पुढं केला. बद्रीनाथनं खिशातला रुमाल दिला. त्यांनी तो फेकून दिला.

"धो... तर," ते म्हणाले.

बद्रीनाथ पळतच आत गेला. फडकं कुठं असतं ते त्याला विचारावं लागलं नाही. पायरीवर बसून त्यानं ते कितीदा पाहिलं होतं. दोन बादल्याही त्यानंच आणल्या, एक साबणाची, एक साधी. नानासाहेब डाव्या हातानं पुसू लागले, आणि तोल जाऊ नये म्हणून बद्रीनाथनं त्यांना कमरेला मिठी घालून धरलं. डावा हात धड वळत नव्हता. तासभर झाला तरी एक मडगार्ड पुरतं झालं नव्हतं. मध्येच हात दमला तेव्हा नानासाहेबांनी फडकं मुलाच्या हातात दिलं. त्यानं जोरात घासलं. लगेच त्याच्या मनगटावर चापट बसली. त्यानं हळू घासलं. मग चापट बसली नाही.

ट्रकवाला, त्याच्याही घरी पोळा होता म्हणून, रिकामाच निघून गेला. त्याला पुन्हा कुणी बोलावलं नाही. करमाडच्या त्या चौथऱ्यावर आता सिमेंटचा बैल उभा आहे. त्याला ऑइलपेंट दिलाय आणि शिंगं सोनेरी केलीत. त्याच्या शेजारी उभं राहून लोक फोटो काढतात म्हणे. काढोत बापडे.

आता दर रविवारी मला दोघं मिळून धुतात. मेण जाड लागतं, कोपऱ्यात पांढरं राहतं, आणि बद्रीनाथ चाकांचं फडकं विसरून अंगाला लावतो ते लावतोच. मी बघून घेते. पण माझ्या पुढच्या मडगार्डवर हळदीचा एक फिकट डाग आहे, तो मात्र नानासाहेब पुसत नाहीत. त्याच्या कडेकडेनं फडकं फिरवतात. आणि लक्ष्मीबाई दर खांदेमळणीला येऊन तो पुन्हा पिवळा करतात. म्हणतात, "सवत असलीस म्हनून काय झालं, दावनीची हायेस."

तेव्हा मित्रांनो, माझं ऐका. गाडीला कोरड्या फडक्यानं पुसू नका. तिच्यावर नावं लिहू नका. तूप तर मुळीच लावू नका, तूप म्हणजे मेण नव्हे. आणि घरातलं एखादं जुनं वाहन, जुनं यंत्र किंवा जुनं माणूस भिंतीकडं तोंड करून बसलं असेल, तर त्याला चौथऱ्यावर नेऊन ठेवण्याआधी त्याच्या अंगाला एकदा हात लावून बघा. चुकीचा लावलात तरी चालेल. चिडून का होईना, ते उठेल.

आज पुन्हा खांदेमळणी आहे. ऊन केव्हाच उतरलंय. नानासाहेब माझ्याकडं तोंड करून खुर्चीत बसलेत. आत कुणीतरी वाटी शोधतंय, भांडी वाजतायत, पण बाहेर अजून कुणी आलेलं नाही. एवढा उशीर? मला उद्या जेवायला बोलवायचंय की नाही?